युद्धकविता आणि इंद्रियांची वर्णव्यवस्था

बाळापूरला मराठी शिकवताना वीररसाचा पाठ आला की मी वर्गाला किल्ल्यावर घेऊन जातो. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर हा किल्ला उभा आहे. आझमशहाने त्याचे काम सुरू केले आणि १७५७ मध्ये एलिचपूरच्या इस्माईलखान नवाबाने ते पुरे केले, अशी गॅझेटियरची नोंद आहे. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे. तटावर उभे राहिले की चारही बाजूंनी काळी जमीन दिसते आणि इतिहास सांगायला जागा फार सोयीची वाटते.

गेल्या खेपेस मी तिथे १७२० ची लढाई सांगत होतो. आज दिसणारा किल्ला पुरा होण्याच्या ३७ वर्षे आधी, ऑगस्ट महिन्यात, बाळापूरच्या शिवारात निजामुल्मुल्क आणि सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान यांची गाठ पडली. आलम अलीच्या बाजूला मराठ्यांची कुमक होती. तो विशीच्या आसपासचा तरुण सेनापती हत्तीवरून लढत पडला आणि निजामाचा दख्खनमधला मार्ग मोकळा झाला. पुढे हैदराबादचे राज्य ज्या पायावर उभे राहिले, त्यातला एक दगड बाळापूरचा आहे. या लढाईवर दखनी भाषेत जंगनामाही रचला गेला. तो आलम अली खानाच्या नावाने ओळखला जातो. ज्यांच्या शेतांतून हत्ती आणि घोडे गेले, त्या शिवाराचे नाव काही त्याला मिळाले नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर मागे उभ्या असलेल्या एका मुलीने विचारले, "सर, येवढ्या लोकायले पानी कोन पाजे?"

वर्ग हसला. मीही थोडा हसलो असेन. पण खाली उतरताना माझ्या लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर माझ्या टिपणांत नव्हते. ज्या पुस्तकांवरून मी वीररस शिकलो आणि आता शिकवतो, त्या पुस्तकांतही ते नव्हते. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आमच्याकडे युद्धकवितेची चर्चा वीररसापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. आवेश आहे का, ओज आहे का, शब्दांत खणखणाट आहे का, एवढे पाहिले की समीक्षकाचे काम झाले. कवितेत जे दिसते, ऐकू येते, हुंगले जाते, चाखले जाते, अंगाला लागते, त्याची मोजदाद कोणी करत नाही. ती केली तर एक गोष्ट ध्यानात येते. आमच्या परंपरागत युद्धकवितेत डोळे आणि कान यांचे राज्य आहे. तलवारी चमकतात, निशाणे फडकतात, धूळ आकाशाला भिडते, नगारे वाजतात, तोफा गर्जतात. नाक, जीभ आणि कातडी यांना तिथे क्वचितच प्रवेश मिळतो. डोळा आणि कान ही दुरून काम करणारी इंद्रिये आहेत. टेकडीवर उभ्या असलेल्या सेनापतीलाही लढाई दिसते आणि ऐकू येते. वास, चव आणि स्पर्श यांसाठी मात्र माणसाला जवळ जावे लागते. जो जवळ होता त्याच्या हातात डफ नव्हता, आणि डफ ज्याच्या हातात होता तो बहुधा दूर होता.

हे नुसते योगायोगाने घडले असे म्हणता येत नाही, कारण शास्त्रानेच तशी सोय करून ठेवली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत आणि प्रत्येकाला एक वर्ण व एक देवता नेमून दिली आहे. वीर गौर वर्णाचा, त्याची देवता महेंद्र. भयानक काळा. बीभत्स नीळा, त्याची देवता महाकाल. इथे वर्ण म्हणजे रंग, हे मला ठाऊक आहे आणि शब्दावर कोटी करून सिद्धान्त उभारण्याची मला हौस नाही. पण त्याच ग्रंथात स्थायीभावांची चर्चा येते तेव्हा कोटीची गरजच राहत नाही. वीराचा स्थायीभाव उत्साह. तो उत्तम प्रकृतीच्या माणसांचा. भयानकाचा स्थायीभाव भय आणि बीभत्साचा जुगुप्सा. हे दोन्ही स्त्रियांचे आणि नीच प्रकृतीच्या माणसांचे. म्हणजे रणांगण एकच, पण त्यातला उत्साह वरच्यांच्या वाट्याला आणि भीती व किळस खालच्यांच्या वाट्याला, अशी वाटणी आधीच झालेली आहे.

प्रकृती म्हणजे स्वभाव, जात नव्हे, असे यावर उत्तर दिले जाते. वादापुरते ते मान्य करू. तरीही प्रश्न उरतोच. कुजलेल्या प्रेताचा वास आला तर राजालाही किळस येईल आणि शिपायालाही येईल. मग राजाची किळस कवितेत का येत नाही? ती आली तर तो राजा उत्तम प्रकृतीचा राहत नाही, म्हणून. आणि जो रोज तो वास सोसतो त्याची किळस का येत नाही? त्याला कविता करण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून. दोन्ही बाजूंनी नाक बंद करून ही कविता उभी राहिली आहे.

आपल्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. ज्या समाजाने स्पर्श या एका इंद्रियावरून लाखो माणसांना नाव दिले आणि त्या नावाने त्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्या समाजाच्या कवितेत स्पर्श कुठे आहे, हा प्रश्न केवळ अलंकारशास्त्राचा असू शकत नाही.

आता पोवाड्याकडे येऊ. शाळिग्राम आणि ॲक्वर्थ यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला तेव्हा मराठी वाचकाला हा ठेवा प्रथमच पुस्तकरूपाने मिळाला. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांची साथ घेऊन शाहिराने सामान्य माणसाला इतिहास ऐकवला, हे संस्कृत पंडितांनी कधीच केले नव्हते. सगनभाऊसारखा मुसलमान शाहीरही या परंपरेत मानाने उभा आहे. पण पोवाड्याची बिदागी सरदाराच्या किंवा त्याच्या वारसाच्या हातून येत असे. ज्याच्या हातून बिदागी येते, त्याच्या डोळ्यांनी लढाई दिसू लागते. म्हणून पोवाड्यात सरदारांची नावे ओळीने येतात, घोड्यांचे रंग येतात, पोशाख येतात. घोड्याला दाणा-पाणी करणारा येत नाही.

पानिपतचे उदाहरण घ्या. १४ जानेवारी १७६१ ला मराठी फौज मैदानात उतरली ती आठवडेच्या आठवडे रसद तुटलेली, उपाशी फौज होती. फौजेबरोबर हजारो बिनलढाऊ माणसे होती. ओझी वाहणारे, गवत कापणारे, पखालीने पाणी भरणारे, दळणारे, जनावरे राखणारे. या सगळ्यांना मराठी भाषेने एकच शब्द दिला, बाजारबुणगे. आजही तो शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पराभवाचे खापर त्यांच्या डोक्यावर फोडतो. ज्यांनी फौजेचे पोट भरले ते फौजेचे ओझे ठरले! फौजेतली भूक सगळ्यांची होती. पण भाषेने सरदाराच्या भुकेला शौर्यात जमा केले आणि बुणग्याच्या भुकेला अडचणीत.

आमच्या वऱ्हाडचीच दुसरी गोष्ट. २९ नोव्हेंबर १८०३ ला आजच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्ली आणि नागपूरकर भोसल्यांची फौज यांची लढाई झाली. त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला. शाळेच्या पुस्तकात या दोन तारखांमध्ये काहीच नसते. पण त्या पंधरवड्यात स्टीव्हन्सनच्या फौजेने जड तोफा मेळघाटच्या डोंगरांतून गडाच्या उत्तर बाजूला नेल्या. रस्ता नव्हता. तो आधी करावा लागला. मग घाटांतून आणि दऱ्यांतून, जवळपास सगळे अंतर, त्या तोफा माणसांनी हातांनी ओढल्या. हे मी पदरचे सांगत नाही. जिंकणाऱ्या सेनापतीच्या स्वतःच्या अहवालात त्याचे कौतुक आहे. गडाला पडलेले खिंडार डोळ्यांना दिसते, म्हणून ते इतिहासात आले. दोराने सोललेले तळहात कोणत्या कवितेत आले? गाविलगड तोफांनी पडला असे आपण म्हणतो. तोफा तिथवर कोणाच्या कातडीवरून गेल्या, ते म्हणत नाही.

बाळापूरच्या लढाईचेही तसेच. ऑगस्टचे दिवस, पूर्णेला पूर, सततचा पाऊस, छावणीत धान्याची टंचाई, असे वर्णन तवारिखांत येते. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात काय करते हे इथल्या पोरांना सांगावे लागत नाही. पाय रुततो, वहाण चिखलात राहते, बैल मांडीपर्यंत फसतो. त्या मातीतून ओझी वाहणाऱ्या माणसाला युद्ध म्हणजे प्रथम चिखल होता. विजय आणि पराजय ही त्याच्या मालकाची बाब होती.

इथे मला घरातली एक गोष्ट सांगावी लागते. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या आज्याने महारकी केली होती. गावात मेलेले ढोर ओढणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, रात्रीची जागल करणे, हे सगळे त्याच्या अंगावरून गेले होते. मी एम.ए. ला असताना रसांचे कोष्टक मोठ्याने पाठ करत होतो. बीभत्स म्हणजे काय, असे त्याने विचारले. मी सांगितले, मढ्याचा वगैरे वास आला की वाटते ते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "वास नाकात नाई रायत बाबू, हातात रायते. जेवताना समजते."

रसशास्त्रावरचे अनेक ग्रंथ मी नंतर वाचले. जुगुप्सेची इतकी नेमकी व्याख्या मला त्यांत मिळाली नाही. भरताने ज्याला नीच प्रकृतीचा भाव म्हटले, तो माझ्या आज्याला प्रकृतीने मिळालेला नव्हता. गावाने तो त्याच्या हातात दिला होता आणि मग त्याच हातांना विटाळ म्हटले होते. गावातल्या ढोरापासून रणांगणावरच्या मढ्यापर्यंत, जे सडते ते उचलण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्या इंद्रियांत युद्धाची अर्धी बखर पुरलेली आहे.

आणि आपण केवळ ओझी वाहणारे नव्हतो, लढणारेही होतो. भीमा कोरेगाव आपल्याला सांगायला नको. पण मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरहून निघाली. रात्रभर चालून सकाळी कोरेगावात पोहोचली. तिथून रात्री नऊच्या सुमारापर्यंत लढली. ८०० च्या वर माणसांपैकी २७५ मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. भीमा नदी समोर होती आणि दिवसभर पाणी मिळत नव्हते. १८२६ मध्ये ग्रँट डफने लिहिलेल्या इतिहासातही त्या शिपायांची तहान आली आहे. वेड लागण्याच्या बेताला आलेली तहान. अंधार पडल्यावर पाणी हाती लागले. १८२१ मध्ये पाया घातलेल्या स्तंभावर मेलेल्यांची नावे आहेत आणि त्यांत 'नाक' हा शेवट असलेली २२ नावे आपली आहेत. दगडावर नावे राहिली. तहान दगडावर कोरता येत नाही, ती कवितेतच राहू शकली असती.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आपण या दोन घटना वेगवेगळ्या पानांवर वाचतो. एक शौर्याच्या पानावर, दुसरी हक्काच्या पानावर. माझ्या मते दोन्हींच्या मध्ये एकच इंद्रिय आहे. कोरेगावात शत्रू समोर होता म्हणून पाणी मिळत नव्हते, ते आपण समजू शकतो. पण लढाई संपली, पेशवाई गेली, पेन्शनी आल्या. कोकणातल्या गावोगावी पलटणीतून परतलेले महार सुभेदार-जमादार राहू लागले. तळ्यावर मात्र कुत्री-मांजरे पाणी पीत आणि त्यांची मुले कोरडी उभी राहत. एका दिवसाची तहान युद्धाची होती. शंभरांवर वर्षांची तहान शांततेची होती. १८९० नंतरच्या वर्षांत सरकारने महारांची पलटणीतली भरती बंद केली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, ती १९२१ मध्ये मोडली, आणि पुन्हा गरज पडली तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी केली. रक्त हवे तेव्हा स्पर्श चालतो. पाणी मागितले की चालत नाही.

म्हणून आपल्याच लोकांना एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. कोरेगावावरची आपली गाणी मी दर वर्षी ऐकतो. त्यांतला अभिमान माझाही आहे. पण आपणही सरदारी पोवाड्याचाच साचा उचलला आहे. तीच चमकणारी तलवार, तीच गर्जना, पाचशे आणि अठ्ठावीस हजार हे तेच दोन आकडे. पेशव्याची सगळी फौज तेवढी होती असे म्हणतात, पण गावात प्रत्यक्ष चालून आल्या त्या अरब, गोसावी आणि पायदळाच्या निवडक तुकड्या. आपल्या पलटणीतही महारांबरोबर इतर जातिधर्मांचे शिपाई होते. हे मान्य केल्याने त्या माणसांचे मोल तसूभरही कमी होत नाही. आकडा मोठा करून आपण त्यांना मोठे करत नाही, त्यांच्या जागी पोवाड्यातला एक सरदार उभा करतो. रात्रभर चाललेल्या पायांचे फोड, दारूच्या धुराने चरचरणारे डोळे, टाळूला चिकटलेली जीभ, यांतून जो माणूस दिसेल तो आपला पूर्वज आहे. त्याला उसन्या वीररसाची गरज नाही.

जगाच्या युद्धकवितेत हा बदल पहिल्या महायुद्धात झाला. विल्फ्रेड ओवेन हा इंग्रज कवी विषारी वायूने गुदमरणाऱ्या शिपायाची कविता लिहून गेला. मातृभूमीसाठी मरणे गोड असते या लॅटिन वचनाला त्याने त्या गुदमरण्यासमोर उभे करून खोटे पाडले. युद्ध थांबण्याच्या एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, तो मारला गेला. पण तोही अधिकारी होता. आयझॅक रोझेनबर्ग हा गरीब ज्यू घरातला साधा शिपाई. तोही १९१८ मध्येच पडला. त्याच्या कवितेत उवा आणि उंदीर आले. खंदकात राहणाऱ्याच्या अंगाला जे चावते ते त्याने लिहिले. कवी जसजसा खाली उतरतो, तसतशी कवितेची इंद्रिये उघडतात, हे तिथेही दिसते.

आमच्याकडेही हे घडले आहे. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला आणि राजाला रयतेच्या बाजूने पाहिले. अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तेव्हा त्यांनी व्होल्गेचा काठ पाहिलेला नव्हता; रशियाला ते १९६१ मध्ये गेले. पण मुंबईच्या कामगारवस्तीतल्या माणसाला धूर, भूक आणि हातघाई यांची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. मांग घरात जन्मलेल्या शाहिराने जगाच्या लढाईचा पोवाडा गायला आणि त्यात कोणा सरदाराची बिदागी नव्हती. नंतर १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, १९७४ मध्ये दया पवारांचा 'कोंडवाडा' आला, त्र्यंबक सपकाळे यांनी तर आपल्या संग्रहाला 'सुरुंग' असेच नाव दिले. या कवितांना वास येतो, अशी तक्रार पांढरपेशा वाचकांनी केली. तक्रार खरी होती. जे नाक दोन हजार वर्षे बंद ठेवले होते ते उघडल्यावर वास येणारच. दलित कविता ही माझ्या मते मराठीतली पहिली पुरी युद्धकविता आहे, कारण तिच्यात पाचही इंद्रिये हजर आहेत. तिचे युद्ध तारीखवार नाही एवढेच.

आता वर्गात मी वीररस शिकवतो तेव्हा रसांचे कोष्टक फळ्यावर लिहितोच, परीक्षेला ते लागते. पण त्याच्या शेजारी पाच रकाने आखतो. दिसते काय, ऐकू येते काय, वास कशाचा, चव कशाची, अंगाला काय लागले. पोरांना सांगतो, कविता वाचा आणि रकाने भरा. पहिले दोन भरभरून वाहतात. उरलेले तीन रिकामे राहिले की मी विचारतो, तिथे कोण होते?

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला नावानिशी देता आलेले नाही. १७२० च्या त्या पावसाळ्यात बाळापूरच्या शिवारात फौजेला पाणी कोणी पाजले, त्याची नावे कोणत्याही जंगनाम्याने ठेवलेली नाहीत. पण ज्याच्या खांद्यावर पखाल होती त्याचा खांदा ओला होता, आणि त्याच्या हातचे पाणी कोण पिईल व कोण पिणार नाही हे छावणीतही ठरलेले असणार, एवढे आपल्याला कोणत्याही पुराव्याशिवाय कळते. हे कळणे हाच आपला वारसा आहे. तो इतिहासात नोंदवण्याचे काम आता लिहायला शिकलेल्या आपल्या पिढीचे आहे. आपल्या वस्त्यांत अजून म्हातारी माणसे आहेत, त्यांच्या हातांत अजून वास आहे. ती आहेत तोवर त्यांना विचारून घ्या आणि लिहून ठेवा.